विमान पडतं तेव्हा खाली कोण असतं?



या जूनपासून आमच्या वडाळ्याच्या बचत गटांत एक नवीनच गोष्ट होते आहे. बचतीचे पैसे अजून मोजून झालेले नसतात, पासबुकं उघडी पडलेली असतात, आणि कुणीतरी विमानाचा विषय काढतं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उडाल्या उडाल्या कोसळलं. आत २४२ माणसं होती, त्यातला एकच प्रवासी वाचला. पण आमच्या बायकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होती ती वेगळीच माणसं. विमान पडलं ते वैद्यकीय कॉलेजच्या वसतिगृहावर. दुपारच्या जेवणाची वेळ होती. जमिनीवरची १९ माणसं त्यात गेली. "त्यांनी तर तिकीटसुद्धा काढलं नव्हतं," असं एक काकू म्हणाल्या आणि सगळ्याजणी गप्प झाल्या.

आमच्या गटांतल्या पुष्कळ जणींचं माहेर नाहीतर सासर जुन्नर, आंबेगाव, पाटण, संगमेश्वर अशा भागातलं. गिरण्यांच्या काळात माणसं मुंबईला आली, शेतं आणि सासू-सासरे तिकडेच राहिले. म्हणून पुढचा प्रश्न आला तो असा: "शहराचं सोडा, आपल्या गावाकडे कधी विमान पडलंय का?" पडलंय, आणि एकदाच नाही. आजचं बोलणं त्यावरच आहे, कारण विमान उडतं विमानतळावरून, पण पडतं ते कुणाच्या तरी डोंगरात, शेतात नाहीतर तळ्यात. आणि तिथे पहिली पोचतात ती गावची माणसं.

सुरुवात जुन्नरपासून करू. आमच्या गटात जुन्नरकडची एक ताई आहे. तिच्या आजीच्या बोलण्यात "विमान पडलं त्या साली" असं यायचं, जसं आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाचं येतं तसं. ते साल १९६२. जुलैची सहा तारीख संपून सात लागली होती, मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अलितालिया या इटालियन कंपनीचं मोठं जेट विमान ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत ते मुंबईला उतरणार होतं, आणि पुढे रोमला जाणार होतं. आत ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी होते. मुंबईशी बोलणं चालू होतं आणि मध्येच ते थांबलं. विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळलं होतं, तेही माथ्यापासून अवघ्या पाचेक फुटांवर. ९४ पैकी कुणीही वाचलं नाही.

चौकशीत जे कारण पुढे आलं ते समजून घेण्यासारखं आहे. विमानात बिघाड झाला म्हणून ते पडलं, असं नव्हतं. आपण नेमके कुठे आहोत, हा हिशेब चुकला होता. वैमानिकाला वाटलं की मुंबई अगदी जवळ आली, म्हणून त्याने विमान खाली आणायला सुरुवात केली. खरी मुंबई अजून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर लांब होती. एवढं अंतर आपल्याला खूप वाटतं, पण असलं विमान मिनिटाला आठ-दहा किलोमीटर सहज कापतं. म्हणजे चूक होती ती आठ-दहा मिनिटांची. रात्रीच्या एसटीत आपल्याला डुलकी लागते, दचकून जाग येते, बाहेर दिवे दिसतात आणि वाटतं कल्याण आलं. पिशव्या घेऊन उतरावं तर मुरबाड! आपल्याला मागची गाडी मिळते. विमानाचं तसं नसतं.

आता कुणी विचारेल, डोंगर दिसला नाही हे ठीक, पण विमानात उंची दाखवणारं यंत्र असतंच ना? असतं. ते यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगतं, आणि ती उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, पायाखालच्या जमिनीपासून नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. विमान धडकलं ती जागा सुमारे ३६०० फुटांवर होती. समुद्रावर असतं तर तेवढ्या उंचीवर विमानाखाली ३६०० फूट मोकळी हवा राहिली असती. पण जुन्नर गाव स्वतःच सव्वादोन हजार फुटांच्या आसपास उंचीवर वसलेलं आहे, आणि त्याच्या डोक्यावर सगळी सह्याद्रीची रांग. हरिश्चंद्रगड साडेचार हजार फुटांच्या वर जातो, कळसूबाई ५४०० फुटांची. त्या भागात त्या उंचीवरून रात्री उडायचं म्हणजे डोळे बांधून डोंगरात चालणंच. त्या भागासाठी ठरवलेल्या सुरक्षित उंचीच्या खाली विमान आलं होतं, हाती असलेल्या साधनांनी जागेची खात्री करून घेतली नव्हती आणि वैमानिकाला तो मुलूख ओळखीचा नव्हता, असंही चौकशीत नोंदवलं गेलं. आम्हाला यातलं शेवटचं कारण सगळ्यात जास्त लागलं. खाली झोपलेल्या प्रत्येक गुराख्याला माहीत होतं की तिथे डोंगर आहे. ज्याला माहीत असायला हवं होतं त्याला तेवढं ओळखीचं नव्हतं.

अशीच गोष्ट आमच्या वडाळ्यापासून हाकेच्या अंतरावर, घाटकोपरच्या टेकडीवर त्याआधी घडली होती. १२ जुलै १९४९, केएलएम या डच कंपनीचं विमान, भर पावसात. ४५ जण गेले. त्यात इंडोनेशियाहून परत निघालेले तेरा अमेरिकन पत्रकार होते. तेव्हा घाटकोपर म्हणजे टेकड्या आणि मोकळं रान. पुढे ४ ऑगस्ट १९७९ ला पुण्याहून मुंबईला येणारं इंडियन एअरलाइन्सचं ॲव्हरो विमान पनवेलजवळच्या डोंगराला धडकलं, त्यातही ४५ जण गेले. तिन्ही तारखा बघा, जुलै, जुलै, ऑगस्ट. तिन्ही विमानं मुंबईला उतरायला येत होती. ज्या दिवसांत आपण भाताची लावणी करतो, बेणणी करतो, त्या दिवसांत ढग डोंगराच्या खांद्यावर येऊन बसतात. खालून आपल्याला डोंगराचा पायथा तरी दिसतो, वरून येणाऱ्याला तोही दिसत नाही.

मग आता अशी विमानं डोंगरावर का आदळत नाहीत? म्हणजे अजिबात आदळत नाहीत असं नाही, पण पुष्कळ कमी झालं. जमिनीवरच्या रडारला विमान कुठे आहे ते दिसतं. उपग्रहावरून विमानालाही आपली जागा कळते, आपल्या मोबाइलमधल्या नकाशासारखी. आणि १९७० च्या दशकापासून विमानांत एक यंत्र बसू लागलं. जमीन जवळ येते आहे असं कळलं की ते माणसाच्या आवाजात ओरडून वैमानिकाला वर चढायला सांगतं. ही यंत्रं कुणाच्या डोक्यात सहज आलेली नाहीत. अशा डोंगरांवर विझलेल्या जिवांमुळे ती आली.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगतो. वडाळ्यात आता उंच टॉवर झालेत, त्यांच्या माथ्यावर रात्री लाल दिवे लुकलुकतात. गावाहून आलेली मुलं विचारतात, हा दिवा कशाला? तो विमानासाठी. इथे काहीतरी उंच उभं आहे, हे सांगण्यासाठी. मोबाइलच्या टॉवरवरही तसाच लाल दिवा असतो. तुमच्या गावच्या टॉवरवरचा दिवा बंद पडला असेल आणि जवळ धावपट्टी असेल, तर ग्रामपंचायतीत सांगायला हरकत नाही. डोंगराला दिवा लावता येत नाही, टॉवरला येतो.

आता खालच्या माणसांकडे वळू, कारण आमच्या काकूंचं बोलणं तिथून निघालं होतं.

२८ मे १९६८. इंडोनेशियाच्या गरुडा कंपनीचं जेट विमान मुंबईहून कराचीला जायला उडालं आणि थोड्याच वेळात नालासोपाऱ्याजवळ कोसळलं. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी आठवते, पण तेव्हा तो भाग वाड्या, बागा आणि शेतांचाच होता. विमानातले २९ जण गेले आणि जमिनीवरचा एक. विमानातल्या २९ जणांची नावं प्रवाशांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत होती. तिसावं माणूस कुठल्याच यादीत नव्हतं. ते आपल्या गावात, आपल्या कामात होतं. २०१८ मध्ये घाटकोपरला छोटं विमान पडलं, तेव्हाही विमानातल्या चौघांबरोबर रस्त्याने जाणारा एक मजूर गेला. या एकेकट्या माणसांची आठवण फार लवकर पुसली जाते.

१९८९ च्या सप्टेंबरात पुण्याहून निघालेलं वायुदूतचं छोटं विमान इंदापूरजवळ उजनी धरणाच्या पाण्यात पडलं, ११ जण गेले. त्याबद्दल एवढंच. पण मराठवाड्यातल्या अपघाताबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण त्यात वैमानिक होता तसा रस्ताही होता.

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादचं चिकलठाणा विमानतळ, आता आपण शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतो. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलं होतं आणि मुंबईला निघालं होतं. आत ११८ माणसं. धावपट्टी संपते तिथून जेमतेम चारशे फुटांवरून बीडचा रस्ता जात होता. त्या वेळी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गठाणी भरलेला एक ट्रक चालला होता. गठाणींचा ट्रक किती उंच भरतात ते कापूसवाल्या गावांना सांगायला नको. विमानाने जमीन उशिरा सोडली. त्याचं डावीकडचं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला. तरीही ते पुढे गेलं, पण तीनेक किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकून कोसळलं आणि पेटलं. ५५ जण गेले, ६३ वाचले.

चौकशीत दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, वैमानिकाने विमान उचलायला उशीर केला आणि उचलण्याची रीतही चुकली. दुसरी, विमानं उडायच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक अडवण्याची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्या प्राधिकरणाने पार पाडली नाही. रेल्वेचं फाटक बंद होतं तेव्हा आपण कुरकुरतो, पण थांबतो. इथे थांबवणारं कुणी नव्हतं. ट्रकवाला बिचारा रोजच्या रस्त्याने चालला होता, त्याचा काय दोष?

हे आज का सांगायचं? आता बारामती, लातूर, नांदेड, जळगाव, गोंदिया, शिर्डी, कोल्हापूर, चिपी, एवढ्या ठिकाणी धावपट्ट्या आहेत. पनवेलजवळ उलव्याला नवं मोठं विमानतळ उभं राहिलं आहे. धावपट्टी गावाजवळ आली की गावाचा रस्ता, गावाचा कचरा, गावाची गुरं हे सगळं विमानाच्या वाटेत येतं. यातला कचरा तर थेट आपल्या गटांचा विषय. उघड्यावर टाकलेलं मांस, कोंबडीची आतडी, मेलेली जनावरं यावर घारी-गिधाडं, कावळे येतात. उडत्या विमानाच्या इंजिनात एखादी घार गेली तरी इंजिन निकामी होऊ शकतं. म्हणून विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि असा कचरा टाकायला कायद्यानेच मनाई आहे. धावपट्टीजवळच्या गावातल्या गटाने कचऱ्याचा खड्डा, कोंबडीवाल्याची जागा हे विषय ग्रामसभेत मांडले, तर ते नुसतं स्वच्छतेचं काम राहत नाही. आणि कुंपणाला भगदाड पाडून गुरं चारायला आत सोडणं हे तर कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही, मग पलीकडचं गवत कितीही हिरवं असो.

पण समजा, खरंच शिवारात विमान पडलं. काय करायचं?

पहिलं, ११२ ला फोन. गावाचं नाव, जवळचा रस्ता आणि गाडी शिवारापर्यंत येते की पायी यावं लागतं, एवढं नीट सांगायचं. गोंधळात आपण "इकडे या, इकडे या" एवढंच ओरडतो. जखमींसाठी रुग्णवाहिका १०८ वर. विजेच्या तारा तुटल्या असतील तर आधी महावितरणला कळवून वीज बंद करून घ्यायची. संभाजीनगरचा अपघात आठवा, तारांमध्ये विमान अडकलं होतं. तारा जमिनीवर लोळत असतील तर जवळ जायचंच नाही.

विमानात हजारो लिटर इंधन असतं. आग दिसत नसली तरी भडकू शकते, म्हणून बिडी-सिगारेटवाल्यांना आधी लांब हाकला. वारा आपल्या पाठीमागून येईल अशा बाजूने जायचं, म्हणजे धूर अंगावर येत नाही. आग लागण्याची भीती असेल तरच जखमी माणसाला ओढून बाहेर काढायचं, नाहीतर मान आणि पाठ न वाकवता मदत येईपर्यंत तिथेच धीर द्यायचा. भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी, बराच वेळ. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही नाही. आपल्या घरच्या गोधड्या, सतरंज्या इथे लाखमोलाच्या ठरतात, अंगावर घालायला आणि उचलून न्यायलाही.

केरळात कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० ला भर पावसात विमान धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत पडलं, तेव्हा आजूबाजूच्या वस्तीतल्या लोकांनी हेच केलं. कोरोनाचे दिवस होते, माणूस माणसाला हात लावायला घाबरत होता. तरी ती माणसं धावली आणि स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात नेलं. १९० पैकी २१ जण गेले, बाकीचे जगले. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे आपले मराठी, त्यांचे आईवडील नागपूरला. ते गेले.

आता जरा नाजूक बोलायचं आहे. पडलेल्या विमानाचा पत्रा, वायर, बॅगा हे भंगार नाही. माणसं वाचवायला किंवा आग विझवायला काही हलवावं लागलं तर हलवावं, त्याची कायद्यातही मुभा आहे. एरवी एक खिळासुद्धा जागेवरून हलवायचा नाही, कारण तो कुठे पडला होता यावरून अपघात कसा झाला ते कळतं. आपल्या देशात २०१२ पासून विमान अपघातांच्या तपासासाठी वेगळी सरकारी संस्था आहे, तिची माणसं येईपर्यंत जागा राखणं हे पोलिसांचं काम आणि गावाची मदत. ज्याला ब्लॅक बॉक्स म्हणतात तो काळा नसतो, चटकन दिसावा म्हणून भडक नारिंगी असतो. दिसला तर तिथेच राहू द्या आणि पोलिसांना दाखवा. मंगळसूत्र, पाकीट, मुलाचा बूट सापडला तर पोलिसांच्या हातात द्यायचा आणि नोंद करून घ्यायची. कुणाच्या तरी घरी ती शेवटची वस्तू म्हणून जाणार असते. आणि मोबाइलवर मेलेल्या माणसांचे फोटो काढून गटावर टाकणं आपल्या मुलांना आपणच बंद करायला लावायचं. घरच्यांना ती बातमी व्हॉट्सॲपवरून कळावी, याहून वाईट काय?

विमानच पडतं असंही नाही. २ एप्रिल २०२२ ला रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आभाळातून लोखंडी कड्यासारखी मोठी वस्तू येऊन पडली. रॉकेटचा तो तुकडा होता. सुदैवाने कुणाला लागली नाही. हवामान खात्याच्या फुग्याला बांधलेली छोटी पांढरी पेटीही कधी कधी शेतात सापडते, तिला घाबरायचं कारण नाही. पण काय आहे ते कळेपर्यंत हात लावायचा नाही आणि पोलीस पाटलांना कळवायचं, हा नियम सगळ्यांना एकच.

शेवटी नुकसानीचं. विमानात बसलेल्या माणसाचं नाव यादीत असतं, भरपाईचा कायदा तिकिटाबरोबरच लागू होतो. खालच्या माणसाला आपण तिथे होतो हेच आधी सिद्ध करावं लागतं. म्हणून घर, पीक, गोठा, जनावर काहीही गेलं असेल तर तलाठ्याचा पंचनामा त्याच दिवसांत झालाच पाहिजे. पंचनाम्यात घरातल्या बाईचं नाव आलं का ते बघा. शेत नवऱ्याच्या नावावर असेल पण शेळ्या तुमच्या असतील, तर शेळ्या तुमच्या नावाने लिहून घ्या. मेलेल्या जनावरासाठी पशुवैद्यकाचा दाखला, जखमी माणसासाठी दवाखान्याचे कागद, पोलिसांकडच्या नोंदीची प्रत, हे सगळं एका पिशवीत. भाडेकरू, मजूर, पाहुणी म्हणून आलेली लेक यांची नावं हमखास सुटतात. ती सुटू नयेत म्हणून गटाच्या वहीत त्या दिवशी कोण कुठे होतं ते लिहून ठेवा आणि चार जणींच्या सह्या घ्या. आपली हजेरीची वही अशा वेळी फार कामाची असते.

२५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान पडलं. चालवत होती एक बावीस वर्षांची मुलगी, एकटी. गावची माणसं धावली. तिला थोडंफार लागलं होतं, पण ती वाचली. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा विमानाचं नाव काढलं की कानावर हात ठेवणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "मग ती पुन्हा उडायला शिकली का?" आणि लगेच दुसऱ्या एकीने, "पण ते शिकायला फी किती लागते?" पुढच्या महिन्यात त्यावर बोलू.